कानांच्या बदल्यात

धूर

त्या जानेवारीत लालबाग-परळच्या चाळींमध्ये सगळेच खोकत होते. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. पोलीस रस्त्यावर अश्रुधुराची नळकांडी फोडत आणि तो धूर जिने चढून, बंद दारांच्या फटींतून थेट चुलीपर्यंत येई. माझी थोरली बहीण लालबागला राहायची. तिला भेटून नायगावच्या आमच्या बी.डी.डी. चाळीकडे परतताना मी एका गल्लीत अडकलो. तोंडाला ओला रुमाल बांधून भिंतीला चिकटून बराच वेळ उभा राहिलो. घरी आलो तो खोकतच.

काही दिवसांनी बहिणीच्या चाळीतला खोकला थांबला. माझा थांबला नाही.

"धुरानं घसा धरलाय," असं मी सगळ्यांना सांगायचो. ते सोयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं रुबाबाचंही होतं. आंदोलनात खोकला लागला म्हटलं की लोक मान द्यायचे. संध्याकाळी अंग तापायचं, सदरे ढगळ व्हायला लागले होते. त्याचंही खापर मी त्या धुरावरच फोडलं.

मी तेव्हा ऐन पंचविशीत होतो. कॉलेजात असताना बास्केटबॉलच्या संघात गार्ड होतो. चेंडू आपल्या बाजूनं पुढं न्यायचा, आणि तो कुणाला, कधी द्यायचा हे ठरवायचं. आता त्याला पॉइंट गार्ड म्हणतात, आमच्या वेळी नुसतं गार्ड. उंची बेताची, नेमही साधाच. पण कोण कुठं आहे हे मला मान न वळवता कळायचं. कॅनव्हासच्या बुटांचा सिमेंटवरचा आवाज, धापा, कुणीतरी घशातल्या घशात "मधू!" म्हणालेलं. पाठीमागं न बघता टाकलेला पास नेमका हातात पडला की लोक टाळ्या वाजवायचे. कॉलेज संपल्यावर जिमखान्यातच कारकुनाची जागा मिळाली, आणि आमचे कोच परेरासर यांनी मला सहायक म्हणून ठेवून घेतलं.

सराव चालू असताना एके संध्याकाळी खेळ थांबवायला मी शिट्टी फुंकली. आवाज आला नाही. नुसती बुडबुड झाली. मी शिट्टी तोंडातून काढली. तिच्यात रक्त होतं.

पोरं गोल करून उभी होती. मी म्हणालो, "दात दुखतोय रे. खेळा, खेळा."

परेरासर बाकावरून उठले, माझ्या हातातली शिट्टी घेऊन आपल्या रुमालात गुंडाळली. "दात नाही, मधू," ते हळूच म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

आजपासून

हे सगळं मी आता, इतक्या वर्षांनी लिहितोय, कारण हा आजार अजून घराघरांत येतो आणि ज्याच्याकडे येतो त्याला वाटतं की जगात आपण एकटेच. औषधं आता पुष्कळ सुधारली आहेत. तेव्हा औषधांबद्दल मला काही विचारू नका, डॉक्टरांना विचारा. भीतीबद्दल मात्र मला थोडंफार ठाऊक आहे.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या बाजूला वरच्या अंगाला ढगासारखं काहीतरी होतं. ते मला काही समजावत होते आणि मी बाहेरच्या झाडावरच्या कावळ्याकडे बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"हो."

"मूल?"

"मुलगी आहे. रांगते अजून."

"तिला जवळ घ्यायचं नाही. आजपासून."

क्षय हा शब्द त्यांनी त्याआधी उच्चारला होता. तो मला लागला नव्हता. 'आजपासून' हा शब्द लागला. कारण त्याच दिवशी सकाळी मुलगी माझ्या मांडीवर बसून माझ्याच बशीतला चहा चाटत होती.

पुढं तिलाही तपासलं. तिला काही नव्हतं. पण ते कळेपर्यंतचे दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात मी, मध्ये दोरीवर टाकलेलं लुगडं, आणि पलीकडे ती. लुगड्याखालून तिचे हात दिसायचे. ती माझ्याकडे यायला निघाली की माझी बायको कुसुम तिला मागं ओढायची. मग तिघांपैकी कुणीतरी एक रडायचं.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुसुम नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही, फक्त आपली भांडी जरा लांब सरकवली. मग गिरगावहून तिचा धाकटा भाऊ आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"ताई, पोरीला घे आणि चल घरी. हे बरे झाले की ये परत."

कुसुम पिठाच्या हातानं उठली. मुलीचे कपडे एका पिशवीत भरले, मुलीला भावाच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "हिला ने. मी नाही येत."

"ताई, तुला झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. भाकऱ्या कोण करणार यांना?"

तो गेला. कुसुम परत पिठाला बसली. भाकरी थापताना तिचा हात जेवढा जोरात पडत होता तेवढा मी कधी ऐकला नव्हता.

दुमडलेली गादी

रुग्णालयात खाट मिळेपर्यंत उन्हाळा आला. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मोठमोठ्या खिडक्या कायम उघड्या. पहाटे थर्मामीटर, मग दूध आणि अंडं, मग सुई. एक दिवस उजव्या कुल्ल्यावर, एक दिवस डाव्या. दुपारी सक्तीची झोप. उशाशी झाकणाचा थुंकीचा डबा. संध्याकाळी सगळ्यांचा ताप चढायचा आणि वॉर्डभर एक विचित्र उत्साह यायचा. लोक विनोद करायचे, पत्ते मागायचे, गावाकडच्या गोष्टी सांगायचे. सकाळी पुन्हा सगळे राखेसारखे.

सकाळी एखाद्या खाटेवरची गादी दुमडून ठेवलेली दिसायची. कुणी काही विचारायचं नाही. दुमडलेल्या गादीकडे न बघता तोंड धुवायला कसं जायचं हे सगळ्यांनाच जमलं होतं.

माझ्या शेजारी बाबल परब होता. डिलाईल रोडला राहणारा, गिरणीतला विणकर, मूळचा मालवणकडचा. वयानं माझ्याहून मोठा, पण मी कोच म्हणून मला 'मास्तर' म्हणायचा. चाळीतल्या भजनी मंडळात तो मृदंग वाजवायचा आणि वॉर्डमध्ये स्वतःच्या पोटावर वाजवायचा. सिस्टर ओरडली की म्हणायचा, "सिस्टर, दुखणा माझा, पोट माझा, बोटा माझी. तुमचा काय गेला?"

मोर्चे, हरताळ, संचारबंदी सुरूच होती. भेटीच्या दिवशी बस बंद असली की बरेच लोक येऊ शकत नसत. कुसुम यायची. नायगावहून चालत, रस्त्यात दगडांचा खच असला तरी, हातात डबा. एकदा तिची चप्पल तुटलेली होती आणि पायाला चिंधी बांधलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोलिसांनी पळवलं सगळ्यांना. मी पण पळाले. डबा सांडला नाही बघा."

बाबलनं ते ऐकलं आणि तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याची बायको गावाहून येऊन त्याच्याच चाळीत राहत होती, पण भेटीला आली की पदर तोंडाला लावून पायथ्याशी उभी राहायची आणि एक अक्षर बोलायची नाही. एकदा ती अशी येऊन गेल्यावर तो म्हणाला, "भियता ती. माका न्हय, माझ्या खोकल्याक."

आई

मी आजारी पडल्यापडल्या आईनं गावच्या मरीआईला नवस बोलला होता. त्या ऑक्टोबरात ती बहिणीच्या चाळीतल्या बायकांबरोबर नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. मला ते आधीच कळलं होतं. वॉर्डात आमच्या समाजाचे आम्ही जे चार-पाच जण होतो त्यांनी दीक्षेच्या दिवशी खाटेवर उठून बसून हात जोडले होते.

आई पांढरं लुगडं नेसून भेटीला आली. चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मी तिला क्षणभर ओळखलं नाही. बोलता बोलता मी सहज विचारलं, "मग नवसाचं काय केलंस?"

"सोडला."

"मी बरा व्हायच्या आधीच?"

"आता कुणापाशी मागायचं न्हाई, मधू. मागून कुणी देत न्हाई, ते समजलंय मला. तू ती सुई नेमानं घे."

ती ठाम होती. पण नंतर तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसलेलं मी खिडकीतून पाहिलं. तिचे हात आपोआप जोडले जायचे, मग तिच्याच ते लक्षात यायचं आणि ती ते सोडवून मांडीवर ठेवायची. पुन्हा जोडले जायचे. पुन्हा सोडवायची. मला आतापर्यंत मरणाची भीती वाटली होती, पण इतकी कधी वाटली नव्हती. माझं दुखणं चालू असतानाच आईनं देवापाशी मागायची जन्मभराची सवय मोडली होती, आणि ती मोडण्यात ती बरोबरही होती, आणि आता तिच्या नि माझ्या मध्ये उरली होती ती फक्त सुई.

मोर्चा

आधी कानात रातकिड्यांसारखा बारीक आवाज सुरू झाला. मी तो पंख्याचा समजलो. मग तोंड धुताना डोळे मिटले की जमीन कलायची. एका संध्याकाळी दिवे गेले तेव्हा मी व्हरांड्यातून येत होतो. अंधार झाला आणि माझ्या पायाखाली काहीच उरलं नाही. वर कुठं, खाली कुठं, समजेना. मी सरळ तोंडावर पडलो. कॉलेजात ज्याला गर्दीतून वाट काढताना कुणी पाडू शकलं नव्हतं, तो नुसत्या अंधारानं पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वॉर्डातले सगळे खिडक्यांकडे धावले. ज्यांना उठता येत होतं ते धावले. मीही भिंत धरत गेलो. खालच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता. हातात फलक, वर केलेल्या मुठी, बायका, गिरणीतले कामगार. हजारो तोंडं एकदम उघडत होती आणि एकदम मिटत होती. माझ्या शेजारचा माणूसही ओरडत होता, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या.

मला ऐकू येत होते फक्त रातकिडे. त्यांच्याही पलीकडे, पाण्याखालून आल्यासारखा, काहीतरी घोगरा गडगडाट.

मी बाबलकडे पाहिलं. तो मोर्चाकडे बघत नव्हता. त्यानं एक बोट कानात घातलं होतं आणि ते हलवत होता.

निवड

आमच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. भेटीच्या दिवशी त्यांनी कुसुमला आणि मला समोर बसवलं आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. सुईमुळं कानाच्या आतल्या नसा दुखावतात. तोल तिथंच असतो, ऐकणंही तिथंच. सुई बंद केली तर आहे तेवढं कदाचित राहील. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्यांच्यावर तुमचा रोग दबेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सुई चालू ठेवली तर छाती सुधारतेय, हे फोटोत दिसतंय. पण कान आणखी जातील.

"किती जातील?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. ठरवा तुम्ही दोघं."

मला मैदान दिसत होतं. बहिरा, धडपडणारा कोच. पाठीमागं कोण आहे हे ज्याला कळत नाही असा गार्ड. माझ्या मनात स्पष्ट होतं की सुई थांबवावी, आणि ते मी कुसुमला सांगितलंही.

ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू नाही आलं तर मी मोठ्यानं बोलेन."

"आणि तोल? मी बाहेर कसा जाणार?"

"हात धरून."

"लोक काय म्हणतील? बायकोचा हात धरून रस्त्यानं?"

तिचा आवाज चढला. इतका की मला तो पूर्ण ऐकू आला. "मी पोरीला देऊन टाकून इथं बसलेय! ती आता मामीला आई म्हणते. तुम्ही लोकांचं काय सांगता मला?"

वॉर्डातल्या माना वळल्या. तिनं डबा उचलला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा मी ती घ्यायला कुशीवर वळलो.

बाबलनं मात्र हात आडवा केला. त्यालाही डॉक्टरीणबाईंनी हेच सगळं सांगितलं होतं. "माका कान व्हये, मास्तर," तो माझ्या समोर येऊन, ओठ मोठे करून म्हणाला. "कान गेल्यार मी मृदंग कसो वाजवतलंय?" त्यानं आपली गाठोडी बांधली, गोळ्यांची पुडी घेतली आणि कागदावर अंगठा उठवून घरी गेला. जाताना त्यानं माझ्या पोटावर एक हलका ठेका वाजवला. मला हसू आलं, आणि हेवाही वाटला.

पावसाळा तोंडावर असताना त्याला परत आणलं. उचलून. योगायोगानं माझ्या समोरचीच खाट रिकामी होती. त्याचा चेहरा आता नुसती हाडं होता. मी त्याच्या खाटेजवळ गेलो, दांडा धरून उभा राहिलो. त्याचे ओठ हलले. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मला नाहीच कळलं. मग त्यानं बोटं खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठेवली आणि वाजवायला लागला. दांड्यावर माझा तळवा होता. ठेका तळव्यातून मनगटात आला. मी एकही आवाज न ऐकता तो सगळा ऐकला.

दोन सकाळींनंतर समोरची गादी दुमडलेली होती.

तेव्हापासून तो ठेका माझ्या कानांत नाही, तळव्यात आहे. बसचा दांडा धरला, जिन्याचा कठडा धरला, खिडकीचा गज धरला की तो सुरू होतो. यंत्राची थरथर असते, माहीत आहे मला. तरी मी हात काढून घेतो.

घरी

थुंकी स्वच्छ आली, फोटो साफ होत गेला आणि एका दुपारी मला सोडलं. कुसुम न्यायला आली होती. फाटकाबाहेर तिनं माझा हात धरला आणि आम्ही नायगावपर्यंत तसेच आलो. लोकांनी बघितलं. बघितलं तर बघितलं.

चालताना सगळं हिंदकळायचं, माणसांचे चेहरे, पाट्या, बस. थांबलो की थांबायचं. चालायला मी नव्यानं शिकलो, पायांच्या ऐवजी डोळ्यांनी. एका कानाला थोडं राहिलं होतं, दुसऱ्याला जवळजवळ काही नाही. मुलीला आणलं तेव्हा ती कुसुमच्या मागं लपली. मला घाई करायची नव्हती. हळूहळू आली. आणि कुणी एकदाही न सांगता तिनं एक गोष्ट शोधून काढली: काही बोलायचं असलं की ती माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. सगळ्या आजारपणात माझ्या वाट्याला जी काही दया आली त्यात ही सगळ्यात मोठी.

परेरासर घरी आले. मी सांगितलं की माझ्याच्यानं होणार नाही. ते पाटीवर लिहून बोलायला लागले, मग वैतागून पाटी ठेवली आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "खेळायचं तू नाहीस, मधू. बघायचं आहेस. डोळे आहेत ना?" डोळे होते. उजेड असेपर्यंत मी मैदानाच्या कडेला उभा राहायचो आणि कुणाचा पाय चुकतोय, कोण पास देण्याआधी दमतोय ते सांगायचो. अंधार पडायच्या आत कुसुम यायची आणि आम्ही घरी जायचो. पोरं माझ्याशी बोलताना वळसा घालून पुढं यायची. राज्य झालं त्या मे महिन्यात रस्त्यावर आतषबाजी झाली. मी ती मुलीला खांद्यावर घेऊन पाहिली. भिंतीला पाठ टेकून, पण पाहिली.

डिलाईल रोड

रुग्णालयातून सुटल्यावर बाबलच्या घरी जायचं मी बरेच महिने टाळलं. शेवटी एका रविवारी गेलो, आणि एकटाच गेलो. जिना अंधारा होता, भिंत चाचपत वर चढलो. त्याची बायको दारात आली. मला ओळखून तिनं आत घेतलं, बसायला चटई टाकली. वॉर्डात जी बाई एक अक्षर बोलायची नाही ती बोलायला लागली. मी तिला सांगितलं, कमी ऐकू येतं, उजेडाकडे तोंड करा. ती खिडकीजवळ बसली.

मला जेवढं समजलं तेवढं असं: घरी आल्यावर तो दर गुरुवारी भजनाला बसला. शेवटी शेवटी दोघं धरून बसवायचे. "पण वाजवल्यान," ती म्हणाली. "सुखात गेलो तो."

मी खाली बघितलं. इतके दिवस मी मनात धरून होतो की मी बरोबर होतो आणि तो चुकला. त्या धारणेवर मी उभा होतो, तोल गेलेला माणूस काठीवर उभा असतो तसा. ती तिनं अगदी साधेपणानं काढून घेतली. मी जगलो होतो, आणि माझी मुलगी माझी हनुवटी धरत होती, आणि मला त्याचा एक क्षणही परत द्यायचा नव्हता. पण तो चुकला असं आता मला म्हणता येईना. आजही म्हणता येत नाही. तुमच्यापैकी कुणावर अशी निवड आली तर मी काय सांगू? आपल्या माणसांना समोर बसवा. जो आवाज चढवून भांडेल त्याचं जास्त ऐका. एवढंच मला सांगता येतं.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. तिथं उजेड नव्हता. ती थांबली आणि तिनं काहीतरी विचारलं. प्रश्न होता, एवढं तिच्या मानेवरून कळलं. ओठ दिसत नव्हते. मी म्हणू शकलो असतो, पुन्हा सांगा. पण तिला ते एकदा विचारायलाच इतका धीर लागलेला दिसत होता की मला ते होईना.

मी मान हलवली. हो म्हणून.

तिचे खांदे खाली आले. खूप दिवस धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे. तिनं हात जोडले आणि ती आत गेली. मी कठडा न धरता, भिंतीच्या आधारानं खाली उतरलो. मी कोणत्या प्रश्नाला हो म्हणालो, ते मला अजून माहीत नाही.